काळा दोरा, लाल दोरा

हजराबीच्या दोन दाढा गेल्या, तेव्हा कुठे कळलं की दुखणं दाढेचं नव्हतंच.

बीडच्या बाजारात अशफाकभाईंचा फळांचा गाडा. उन्हाळ्यात टरबूज, दसऱ्या-दिवाळीला डोंगरातलं सीताफळ, मधल्या दिवसांत केळी नाहीतर पेरू. हजराबी त्यांची बायको. घरचं आवरून दुपारी नवऱ्याचा डबा घेऊन निघाली की वाटेत थांबून जबडा हाताने धरायची. पाठीत जड व्हायचं, मळमळायचं, काही न करता दमायला व्हायचं. एकाने पित्ताच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याने दाढ काढली, आणि तरी दुखणं थांबेना तेव्हा शेजारची पण काढली. शेवटी तिसऱ्या ठिकाणी एका डॉक्टरीणबाईंच्या काय मनात आलं देव जाणे, त्यांनी ईसीजी काढायला लावला. कागद बघून म्हणाल्या, "बाई, तुमच्या हृदयाला रक्त पुरेना झालंय. इतके दिवस हिंडत कशा होतात?"

औषधं लागू पडली. हजराबी आज खणखणीत आहे. दाढा मात्र गेल्या त्या गेल्या. घरात कुणी पेरू कापला की तिचं ठरलेलं वाक्य येतं, "खा बाबांनो. माज्या वाटचं चावायचं डॉक्टरनं काढून नेलं."

त्या दिवशी तिच्यासोबत दवाखान्यात लेक होती, आफ्रीन. तेव्हा ती कॉलेजात शिकत होती. डॉक्टरीणबाई औषधं लिहिता लिहिता सहज बोलून गेल्या, "छातीत दुखणं सगळ्यांना माहीत असतं. बायकांच्याही छातीत दुखतं, पण पुष्कळदा त्यासोबत जबडा, पाठ, पोट असं फिरत राहतं, मग कुणाच्या ध्यानात येत नाही."

"असं का होतं?" आफ्रीनने विचारलं.

"पुरतं कुणालाच ठाऊक नाही. आजवर तपासलंय ते जास्त करून पुरुषांनाच."

हे वाक्य पोरीच्या मनात जे रुतलं ते रुतलंच. घरी येऊन तिने अब्बांना विचारलं. अशफाकभाई केळीचा घड लटकवत म्हणाले, "बायका बोलत न्हाईत ना बेटा. सोसत बसतात."

आतून हजराबीचा आवाज आला, "बोलले की. बोलले तर दाढ काढली."

आफ्रीन हसली, पण विचार थांबला नाही. अब्बा म्हणतात तसं सोसण्यामुळे असेल, कष्टामुळे असेल, बाळंतपणांमुळे असेल. अम्मी म्हणायची, अल्लाने घडवलंच तसं. तेही असेल. पण घडवताना नेमकं कुठे वेगळं घडवलं? बाईचं हृदय अन् पुरुषाचं हृदय, त्या शिरा, ते रक्त, हे सगळं ज्या बारीक पेशींचं बनतं त्या पेशीतच काही निराळं आहे का? आणि आहे तर ते केव्हापासून?

असा प्रश्न पडलेली पोर फळाच्या गाड्यावर बसेल का? ती शिकत गेली. रोजे, नमाज काही सोडलं नाही आणि अभ्यासही सोडला नाही. पुढे शहरातल्याच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिला संशोधनाची जागा मिळाली. तिचे मार्गदर्शक राधाकिशन सर सावकाश बोलणारे, चहात बिस्किट बुडवून विसरून जाणारे गृहस्थ. त्यांनी तिचा प्रश्न ऐकून घेतला आणि म्हणाले, "मोठ्या माणसाच्या पेशी घेतल्या तर त्याने काय खाल्लं, किती राबला, किती काळजी केली, सगळं त्यात मिसळलेलं असणार. तुला जगाचा हात न लागलेली पेशी पाहिजे. नाळ घे."

बाळ आईच्या पोटात ज्या नाळेवर वाढतं, तिच्या आत एक मोठी शीर असते. त्या शिरेला आतून पेशींचं अस्तर असतं, एका पदराचं, साबणाच्या फेसाहून नाजूक. आपल्या हृदयाच्या शिरांनाही असंच अस्तर. ते चांगलं राहिलं तर रक्त सुरळीत वाहतं, ते बिघडलं की पुढची दुखणी सुरू होतात. बाळंतपण झाल्यावर नाळ एरवी टाकूनच देतात. ती स्वच्छ बाटलीत घ्यायची, शीर धुवायची, अस्तर सोडवायचं औषध आत भरून थोडा वेळ ठेवायचं, की पेशी सुटून येतात. मग त्यांना त्यांचं खाद्य घालून उबेच्या पेटीत ठेवलं की त्या बुडाला चिकटतात, वाढतात. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर अंगणात दगडी फरशी बसवावी तशा एकीला एक लागून. आफ्रीनने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या तोंडून आपसूक सुभानल्ला निघालं.

नाळ मिळवणं मात्र तिला वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. म्हणजे मुलींची सोपी होती. बाळंतिणीच्या वॉर्डाबाहेर जाऊन विचारलं की नातेवाईक म्हणायचे, "पोरीची व्हय? न्या की." मुलग्याची म्हटलं की चेहरे बदलायचे. आपल्याकडे मुलग्याची वार अन् नाळ हळदकुंकू वाहून, मडक्यात घालून घराच्या उंबऱ्याशी पुरायची रीत. ती परक्याच्या हाती लागली तर कुणी त्यावर काही करणी करील, लेकराला बाधेल, हे भय. हिंदू असो की मुसलमान, खालच्या आवाजात सगळे तेच सांगायचे. लेखी संमती घेतल्याशिवाय आफ्रीन काही नेत नसे, त्यामुळे वर्ष सरलं तरी मुलग्यांच्या नाळा हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्याच.

राधाकिशन सर तिचा फ्रीज उघडून म्हणाले, "जगभरच्या प्रयोगशाळांनी इतकी वर्षं नर उंदरांवर काढली. आणि तुझ्याकडे बघावं तर सगळ्या मुलीच. सगळ्यांची भरपाई तू एकटी करणार काय?"

"मी काय करू सर, मुलगे देतच नाहीत."

"मग जोडी शोध. जुळं. एक मुलगा, एक मुलगी. पोट एक, आईचं रक्त एक, खाणं एक. अशी एक जोडी तुझ्या कितीतरी सुट्या नाळांना भारी पडेल."

तेव्हापासून आफ्रीन जुळ्यांची वाट बघत होती. जुळी व्हायची, पण कधी दोन्ही मुली, कधी दोन्ही मुलगे, आणि एक-एक झालेच तर मुलग्याची नाळ मडक्यात. तोवरच्या सुट्या नाळांवरून तिला एक अंधुक गोष्ट दिसत होती. पेशींचं खाद्य कमी केलं, म्हणजे त्यांना उपाशी ठेवलं, तर मुलींच्या पेशी जरा जास्त तग धरतात असं वाटायचं. पण वाटणं वेगळं आणि ठरणं वेगळं. जोडी मिळाली नाही तर हे वाटणं वाटण्यावरच राहणार होतं.

महाशिवरात्रीच्या आधीच्या आठवड्यात बबिता वॉर्डात आली. नारायणगडाच्या बाजूच्या एका वस्तीवरची. नवरा सटवा मेंढरं राखणारा. तिला माहेरी करणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण सासूच्या हाताखाली. सासू साखराबाई सुनेच्या उशाशी पहाऱ्याला बसल्यासारखी बसलेली. पोटात दोन आहेत एवढं माहीत होतं. काय आहेत ते सांगायला बंदी, तशी पाटीच भिंतीवर. आफ्रीनने बबिताला सगळं समजावून सांगितलं. बबिता म्हणाली, "माझं काय न्हाई ताई. आत्याला इचारा. त्या हो म्हनल्या तर माझं हो."

ऑपरेशन करून बाळंतपण झालं. आधी मुलगा, मागून मुलगी. सिस्टरने दोन्ही नाळांचे तुकडे दोन बाटल्यांत घातले आणि नेहमीच्या सवयीने मुलग्याच्या बाटलीच्या गळ्याला काळा दोरा, मुलीच्या बाटलीला लाल दोरा बांधून दिला. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून ही खूण. नंबरची चिठ्ठी आफ्रीन नंतर त्या दोऱ्यावरून लावायची.

आफ्रीन बाटल्या घेऊन साखराबाईशेजारी खालीच बसली.

"आजी, नाळ मागायला आले होते."

"कुनाची?"

"दोघांची."

"पोरीची ने."

"एकटीची नेऊन काही उपयोग नाही आजी. दोघं एका पोटातली, म्हणून तर जोडी पाहिजे."

"अन् करनार काय तिचं?"

"आतलं अस्तर काढून वाढवायचं. बघायचं."

"निस्तं बघायला येवढा कुटाना?"

दाराशी उभा असलेला सटवा म्हणाला, "दे की आई. बघू दे तिला. कुनी तरी बघायलंय आपल्याकडं."

"तू गप रं. तुला कसा वाचवला ते मला ठावं."

सटवाने उजवी नाकपुडी चोळली. तिथे अजून बारीक भोक होतं. साखराबाईचे आधीचे दोन मुलगे पाळण्यातच गेले होते. हा तिसरा झाला तेव्हा तिने त्याचं नाक टोचलं, मुरणी घातली, परकर नेसवला, सटवाईच्या नावाने नाव ठेवलं आणि वस्तीवर सांगितलं, पोरगी झाली. तो जगला. नाकातली मुरणी शाळेत घालेपर्यंत होती, त्यावरून अजूनही जत्रेत सोबतीचे मेंढके त्याला चिडवतात.

आफ्रीनची एक पद्धत होती. घाई करायची नाही, बाटली नातेवाइकांच्या हातात द्यायची, पाहू द्यायची, कुणाला हात जोडायचे असतील तर जोडू द्यायचे. हातात धरलेली वस्तू माणूस खुशीने देतो, हे ती अब्बांच्या गाड्यावर शिकली होती. गिऱ्हाइकाच्या हाती सीताफळ द्यावं आणि आपण दुसरीकडे बघावं. तिने दोन्ही बाटल्या साखराबाईच्या ओटीत ठेवल्या आणि बर्फाची पेटी आणायला खाली गेली.

परत आली तेव्हा साखराबाई पाठमोरी बसून काहीतरी पुटपुटत होती. वळली, बाटल्या पुढे केल्या आणि म्हणाली, "घे बाई. दोन्ही घे."

इतक्या सहज होकार येईल असं आफ्रीनला वाटलं नव्हतं. बबिताची सही झाली, साखराबाईचा अंगठा झाला. ती पेटी घेऊन प्रयोगशाळेत गेली ती जवळजवळ पळतच.

पेशी छान वाढल्या. दोन्हीकडे फरशी बसली. मग तिने खाद्य कमी केलं आणि बघत राहिली. आणि बघता बघता तिच्या कपाळाला आठी पडली. मुलाच्या म्हणून ठेवलेल्या पेशी चिवटपणे टिकून होत्या आणि मुलीच्या आधी गळायला लागल्या होत्या. वर्षभर जे दिसत होतं त्याच्या बरोबर उलटं. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

घरी जेवताना ती भात नुसता चिवडत होती. हजराबीने विचारलं, "काय झालं गं?"

"माझं वाटणं चुकलं असेल अम्मी. मुलींच्या पेशी जास्त टिकतात म्हणत होते. जुळ्यांमध्ये उलटं दिसायलंय."

"मग चुकलं तर चुकलं. रडायला काय झालं?"

"रडत नाही. कावून चुकलं ते कळत नाही."

अशफाकभाई म्हणाले, "एक सांगू? गाड्यावर गोड म्हनून दिलेलं फळ आंबट निघालं तर मी झाडाला दोष देत न्हाई. आधी बघतो, टोपली कोनाची हाय."

हे मात्र तिला पटलं. वाटणं खोटं ठरवण्याआधी टोपली बघायला पाहिजे. पेशीचं एक बरं असतं. मुलाच्या प्रत्येक पेशीत वाय नावाचं एक गुणसूत्र असतं, मुलीच्या पेशीत ते नसतं. चाचणी केली की पेशी स्वतःच सांगते, मी कोणाची. पेशीला नाव बदलून ठेवता येत नाही. आफ्रीनने दोन्ही डब्यांतलं थोडं थोडं काढून चाचणी लावली. मुलगा लिहिलेल्या डब्यात वायचा पत्ता नव्हता. मुलगी लिहिलेल्यात तो ठळक होता.

म्हणजे अदलाबदल. पहिला संशय तिने स्वतःवर घेतला. आपणच चिठ्ठ्या उलट लावल्या असतील. पण तिने पहिल्याच दिवशी दोन्ही नाळांचे बारीक तुकडे दोऱ्यासकट गोठवून ठेवले होते. ते काढून तपासले. काळ्या दोऱ्याच्या नळीत मुलगी, लाल दोऱ्याच्या नळीत मुलगा. अदलाबदल प्रयोगशाळेच्या दारात येण्याआधीच झालेली. सिस्टरला विचारलं, तर ती चिडली, "काळा मुलाचा, लाल मुलीचा, इतकी वर्षं बांधतेय मी. डोळे मिटून बांधीन."

मग आफ्रीनला ती पाठमोरी साखराबाई आठवली.

सर तिचं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "कुणाची कुठली ते आता चाचणीने कळलंय, ती अडचण मिटली. पण दुसरी आहे. आजीने मुद्दाम बदललं असेल तर मुलाची नाळ द्यायला तिचा खरा होकार नव्हता. बबिताचाही होकार तिच्यावरच टांगलेला. जा, विचारून ये. नाही म्हणाल्या तर दोन्ही डबे नष्ट करायचे."

"दोन्ही?"

"न दिलेलं आपण कसं ठेवणार?"

फाल्गुनातली एकादशी होती, आणि रमजानही चालू झालेला. आफ्रीन रोजा धरून अर्ध्या वाटेपर्यंत एसटीने आणि पुढे चालत वस्तीवर पोचली. मोबाइलमध्ये पेशींचे फोटो होते. इतके दिवस वाट बघून मिळालेली जोडी एका नाहीने जाणार होती.

साखराबाईने तिला पाहिलं आणि आधी चहाचंच काढलं.

"रोजा आहे आजी."

"माझीबी गडाची एकादस. म्हंजे तू माझ्या हातचं खानार न्हाईस अन् मी तुझ्या. चांगलं झालं. बस." तिने घोंगडी टाकली. "पर घरी आलेलं मानूस सुकं जातंय, ह्ये काय बरं न्हाई."

घोंगडीच्या कडेला दोन्ही बाळं निजलेली. मुलग्याच्या कमरेला काळा दोरा, पायाला काळा दोरा, गालावर काजळाचा टिक्का. मुलगी नुसतीच. बबिता भिंतीला टेकून बसली होती, सटवा मेंढरांना पाणी दाखवून आला होता. आफ्रीनने फिरवून फिरवून बोलायचं ठरवलं होतं, पण प्रत्यक्षात सरळच बोलून गेली.

"आजी, दवाखान्यात तुम्ही दोरे बदलले होते का?"

साखराबाईचा हात घोंगडीवरचं कुसळ काढता काढता थांबला. "तुला कुनी सांगितलं?"

"नाळेनंच सांगितलं. पेशी तपासली की ती मुलगा की मुलगी ते कळतं."

"येवढं कळतंय?" म्हातारीला राग आला नव्हता, नवल वाटलं होतं. "दोरा काळा असला तरीबी?"

"दोरा कुठलाही असला तरी."

सटवा हसला. "आई, सटवाई फसली. ही न्हाई फसली."

"हसू नगं." साखराबाई आफ्रीनकडे वळली. "बदलले म्या. का न्हाई बदलू? तू चांगली हायेस गं, पर तुझ्या दुकानात आनखी कोन कोन येतं मला काय ठावं. कुनी पोराच्या नाळंवर काय करायला गेलं, तर काळा दोरा बघून करनार. ती नाळ पोराची न्हाईच. मग त्याचं करनं रिकामं जानार. दोन लेकरं मातीत घातली म्या. सटवाईला फसवलं तवा ह्यो जगला."

मग भिंतीकडून बबिताचा आवाज आला, हळू, पण स्वच्छ.

"आत्या, रिकामं कावून जाईल? काळा दोरा जिच्या नाळंला बांधला ती माझी पोरगी हाय ना."

"पोरीवर कोन डोळा ठिवतंय गं."

"तुमी म्हनलात ना, कुनी करनार. मग ते तिच्यावर पडलं असतं. तुमी पोराला झाकलं अन् तिला म्होरं केलं."

साखराबाईने मुलीचं वाईट चिंतलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. फक्त तिकडे विचारच गेला नव्हता. ती उठली, निजलेल्या नातीजवळ जाऊन बसली, तिच्या कपाळावरून बोटं फिरवून आपल्या कानशिलावर मोडली. कडकड वाजली.

"लई लागली व्हती हिला दृष्ट," ती पुटपुटली. "माझीच."

आफ्रीनला आता विचारायला जड जात होतं, तरी विचारणं भाग होतं. "आजी, बबिताताई, मुलाची नाळ माझ्याकडे आहे, तुमच्या मनात नसताना आलेली. तुम्ही नको म्हणालात तर मी दोन्हींच्या पेशी नष्ट करीन. त्याबद्दल मला काही वाटणार नाही असं नाही. पण करीन."

"काय दिसलं त्यात?" बबिताने विचारलं. "ते तरी सांगा."

आफ्रीनने मोबाइल पुढे धरला. बबिता वाकली, सटवा वाकला, आणि मग राहवेना म्हणून साखराबाईही. पडद्यावर त्या दगडी फरश्या.

"ह्यातला पोरगा कोनता?"

"हा. आणि ही मुलगी. दिसायला सारखीच दिसतात. पण खाद्य कमी केलं, उपाशी ठेवलं, तर मुलीच्या पेशी जास्त वेळ धरून राहिल्या. या एका जोडीत तरी. सगळ्यांत असंच असतं का, ते कळायला अशा पुष्कळ जोड्या लागतील. आणि मोठेपणी हृदयाच्या दुखण्यात याचा काय संबंध येतो, तेही अजून माहीत नाही. माझ्या अम्मीचं हृदयाचं दुखणं कुणाला ओळखू आलं नाही, दाढा काढल्या तिच्या. म्हणून मी हे शोधते."

साखराबाईने पडद्यावर मुलीच्या फरशीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "जलमल्या जलमल्या ह्ये असं?"

"जन्मल्या दिवसाच्याच आहेत पेशी."

"मग हिला उपाशी ऱ्हायाला शिकवलं कुनी? तवर तर तिला कुनी उपाशी ठिवलं न्हवतं."

खरं तर आफ्रीनचं सगळं संशोधन याच एका प्रश्नाचं होतं. सरांनी तो कितीतरी शब्द घालून लिहिला होता आणि इतका आटोपशीर तो कुणीच मांडला नव्हता. ती एवढंच म्हणाली, "तेच बघायचंय आजी."

"मग बघ," बबिता म्हणाली. या वेळी तिने सासूकडे पाहिलं नाही. "माझी दोन्ही लेकरं हायेत, मी देते. पर एक हाय. तुमचं काम झालं की जे उरंल ते आनून द्यायचं. आमी पुरनार. दोघांचं एका खड्ड्यात, उंबऱ्याशी."

"पोरीचं कोन पुरतं उंबऱ्याशी," साखराबाई सवयीने बोलून गेली, आणि सुनेने बघितल्यावर लगेच, "बरं, पुरा. खड्डा म्या खांदते."

आफ्रीनने सरांना फोन लावला. सर म्हणाले, "काम झालेले डबे वाफेत पूर्ण निर्जीव करूनच द्यायचे, हे सांग. बाकी देवाघरचं देवाघरी जाऊ दे." नव्याने सही झाली, बबिताची. साखराबाईने आपणहून अंगठा पुढे केला. आफ्रीन निघाली तेव्हा म्हातारीने तिच्या पिशवीत शेंगदाण्याची पुरचुंडी टाकली. "रोजा सुटल्यावर खा. माझी एकादस तर उद्या सकाळी सुटंल."

ईद झाली, गुढीपाडवा तर आधीच होऊन गेला होता. काम संपल्यावर आफ्रीन पुन्हा वस्तीवर गेली, या वेळी अम्मीला घेऊन. हजराबी आणि साखराबाईचं पहिल्या घटकेतच जमलं. एक दाढांचं सांगत होती, दुसरी गुडघ्यांचं. साखराबाईने मध्येच विचारलं, "जबडा दुखला की काळजाचं असतं व्हय?" हजराबी म्हणाली, "दर वेळी न्हाई. पर चालताना दुखला अन् बसल्यावर थांबला, तर दाढवाल्याकडं जाऊ नका बाई. आधी ईसीजी काढा."

उंबऱ्याशी खड्डा तयार होता. आफ्रीनने आणलेल्या दोन छोट्या डब्यांतलं बबिताने एकाच मडक्यात ओतलं, वर हळदकुंकू वाहिलं. साखराबाईने माती लोटली आणि ती डोळे मिटून पुटपुटत उभी राहिली. हजराबीनेही ओठांतल्या ओठांत दुवा केली. दोघींनी मागितलं ते एकच असणार, कारण दोघींचे ओठ थांबले तेही एकाच वेळी.

आत घोंगडीवर दोन्ही बाळं शेजारी शेजारी निजली होती. टोपडी सारखी, दुपटी सारखी, दोघांच्या कमरेला काळा दोरा, दोघांच्या गालावर काजळ. आफ्रीन वाकून बघत राहिली.

"बबिताताई, यातला मुलगा कोणता?"

बबिता मडक्याचे हात पुसत म्हणाली, "मला इचारू नका. तुमच्या मशीनीला इचारा."

आणि त्या घरात पहिल्यांदाच साखराबाई इतकी हसली, की सटवा मेंढरं सोडून दारात बघायला आला.